दरडीचा देखावा

आमच्या धंद्यात डोंगराला कधी कुणी किंमत दिली नाही. देखाव्यात महाराज असतात, मावळे असतात, अफझलखान असतो. डोंगर नुसता मागे उभा. बांबूचा सांगाडा बांधायचा, त्यावर तारेची जाळी ठोकायची, गोणपाट प्लास्टरच्या पातळ काल्यात बुडवून वर पसरायचं आणि सुकायच्या आत बोटांनी सुरकुत्या पाडायच्या. मग काजळी, गेरू, हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. दोन रात्रींत सह्याद्री तयार. मी महाडचा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा माझा पोटाचा धंदा होता, तो फ्लेक्सने खाल्ला. गणपतीतले देखावे तेवढे राहिले. इतके डोंगर केले, पण डोंगर आतून कसा असतो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण माझे सगळे डोंगर आतून पोकळ.

सार्वजनिक गणेशोत्सवाच्या इतिहासात टिळक येतात, १८९३ साल येतं, मेळे येतात, मेळ्यांतली पदं सरकारला झोंबली म्हणून आलेली बंधनं येतात. मूर्तीच्या मागे जे उभं केलं जातं त्याची नोंद फारशी कुणी ठेवत नाही. साहजिक आहे. पद छापून राहतं, भाषण वर्तमानपत्रात येतं, देखावा अकराव्या दिवशी मोडून पुढच्या वर्षीसाठी बांबू सोडवून ठेवतात. पण ज्या गावांत वाचनालय नव्हतं, सिनेमाचा तंबू वर्षातून एकदा यायचा, तिथे लोकांनी जगात काय चाललंय ते देखाव्यातच पाहिलं. माझे वडील हेच काम करायचे. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्यांनी चंद्र केला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. त्यानंतरच्या गणपतीत त्यांनी कोयनानगरचं एक घर केलं, खाली सायकलची चेन आणि पायंडल लावून. पडद्यामागे बसलेला मुलगा पायंडल मारायचा आणि घर हलायचं, कौलं घसरायची. बायका रडायच्या, मदतपेटीत पैसे पडायचे. वडील ते अभिमानाने सांगायचे. घर का हललं, हे मात्र त्या देखाव्यात कुठेच नव्हतं, आणि ते नाही हे कुणाला जाणवलंही नाही. आपले आपत्तीचे देखावे बहुतेक असेच. पडलेलं दाखवायचं, लोकांना रडवायचं, पेटी फिरवायची.

महाडला संकटं नवीन नाहीत. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून उतरते, महाडजवळ तिला काळ आणि गांधारी या नद्या मिळतात आणि पुढे बाणकोटपर्यंत खाडी. वर घाटमाथ्यावर ओतलं की खाली आमच्या बाजारपेठेत पाणी. भरतीची वेळ गाठली तर ते बाहेर जायलाही तयार नसतं. त्यामुळे पुराचं आमचं ज्ञान पक्कं आहे. जुन्या घरांच्या भिंतींवर सालागणिक पाण्याच्या रेघा आहेत, त्यातल्या कित्येक मीच तेलरंगाने ठळक केल्यात. दुकानदार माल कुठल्या फळीवर चढवायचा ते त्या रेघा बघून ठरवतो. दरडीची अशी रेघ कुणाकडेच नाही. पूर ओसरला की भिंत राहते, दरडीत भिंतच राहत नाही.

दासगाव आमच्यापासून जवळच. सावित्रीच्या खाडीवरचं जुनं बंदर. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने निघाले ते दासगावलाच उतरून महाडला आले. तेव्हा मुंबईची वाट पाण्यावरून होती आणि ही बंदरं गजबजलेली. पुढे रस्ता झाला, बोट बंद झाली, हमरस्ता गावाच्या अंगावरून गेला, खाडी आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं दाटली. २६ जुलै २००५ म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते, सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. २५ आणि २६ तारखेला आमच्या तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहण या चार गावांवर डोंगर आले आणि दीडशेहून जास्त माणसं गेली, हे मुंबईच्या पाण्याखाली बुडालं. आमच्या बाजारातही तेव्हा पाणी होतं. डोंगर आला हे महाडातल्या कितीतरी लोकांना पाणी उतरल्यावर कळलं.

त्या वर्षी आमच्या गणपती मंडळाने देखावा केला नाही. पुढच्या वर्षी परत किल्ला.

मग ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं. सकाळी डोंगर आला. बातमी बाहेर पोचली ती एसटीच्या चालकामुळे; नेहमीच्या रस्त्याने गाडी नेली तर समोर गावच नाही. १५१ माणसं. २२ जुलै २०२१ ला आमच्याच तालुक्यातलं तळीये, कोंढाळकरवाडी. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली आणि महाड पाण्यात असल्यामुळे मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच पावसात पोलादपूरकडे केवनाळे, खेडला पोसरे, साताऱ्याच्या बाजूला पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव. डोंगराच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली ठाकरांची वाडी. वर जायला रस्ता नाही, यंत्र नेता येत नाही, माणसांनी फावड्या-घमेल्यांनी उकरलं. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती.

त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १९ सप्टेंबरला, गणेश चतुर्थी होती.

मधे २३ ऑगस्टला चांद्रयान चंद्रावर उतरलं होतं आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंडळाचा त्या वर्षीचा देखावा ठरून गेला होता. आमच्या पोरांनीही मोबाईलवर विक्रम लँडरचे फोटो काढून आणले. मी म्हटलं, चंद्र माझ्या बापाने करून झालाय. आपण दरड करू. पोरं गप्प झाली. अध्यक्ष म्हणाला, "काका, सणाचे दिवस आहेत. लोक मोदक खायला येतात." दुसरा म्हणाला, "करूया की! मोठा डोंगर करू, खाली घरं, कप्पीवर दोर, मोटर लावू. बटण दाबलं की धाडकन खाली. वर धूर." त्याच्या डोळ्यांसमोर तो देखावा उभा राहिला होता आणि तो झाला असता तर गर्दी झाली असती, यात मला शंका नाही.

तो होऊ दिला नाही तो आमच्या सरांनी. सर म्हणजे हायस्कूलचे निवृत्त विज्ञानशिक्षक. मंडपात चहाला बसले होते. त्यांनी पोराला विचारलं, "बटण कोण दाबणार?" तो म्हणाला, मी. सर म्हणाले, "मग लोकांना कळेल की तुझ्यामुळे पडला."

सरांना हवी होती माशांची टाकी. काचेची, चार फूट लांब, पुढची आखूड काच काढून टाकलेली. तिच्यात कडाप्प्याची फरशी तिरपी बसवली. हा आतला काळा पाषाण. आमचा सगळा सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून थिजलेला. दोन थरांच्या मधे जुना तांबडा, मऊ मातीचा पट्टा असतो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असला की तो आडवा विटकरी पट्टा स्पष्ट दिसतो. मी तो आयुष्यभर बघितला होता, चित्रांत रंगवलाही होता, शोभेचा समजून. सर म्हणाले, काळ्या दगडाच्या फटींतून पाणी खाली जातं आणि या पट्ट्यावर येऊन अडतं, मग आडवं सरकून कुठेतरी उतारावर बाहेर पडतं. वाडीचा बारमाही झरा पुष्कळदा तिथलाच. आमच्याकडे काही माथ्यांवर जांभ्याचा सडा असतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. तो पाऊस पितो आणि खालच्या मऊ मातीला देत राहतो. मी फरशीवर विटकरी चिकणमातीचा हात फिरवला आणि त्यावर खरी माती भरली, मुरूम मिसळून. गोणपाट नाही, भुसा नाही. माझ्या हातून झालेला हा पहिला भरीव डोंगर.

उताराच्या पायथ्याशी पत्र्याची एक पट्टी उभी बसवली, वर ओढून काढता येईल अशी. पट्टी आहे तोवर डोंगराचा पाय शाबूत. काढली की रस्त्यासाठी नाहीतर घराच्या जोत्यासाठी कापलेला डोंगर. पाऊस म्हणजे बागेची झारी.

कोरड्या मातीवर थोडं पाणी मारलं की ती आणखी घट्ट उभी राहते, हे पोरांना वाळूचे किल्ले केल्यामुळे माहीत होतं. त्यामुळे पहिल्या झारीला काही होत नाही याचं त्यांना नवल वाटलं नाही. दुसऱ्या झारीलाही काही होत नाही. पण बाजूच्या काचेतून दिसतं. वरून भिजत जाणारी गडद रेघ खाली फरशीला लागते, मग तिथून पाणी साचत उलटं वर चढू लागतं. कणाकणांमधल्या फटी भरतात. पाणी कणांना एकमेकांवरून उचलून धरतं, त्यांची एकमेकांवरची पकड जाते, आणि वरून वजन वाढतच असतं. माथ्यावर, पार मागे, केसाएवढी भेग पडते. बघणारे सगळे खाली पायथ्याकडे बघत असतात.

आणि तो पडतो तेव्हा पाऊस चालू असेलच असं नाही. हे मला सगळ्यांत जास्त पटलं, कारण देखाव्याच्या धंद्याच्या हे अगदी विरुद्ध आहे. देखाव्यात माणूस आला की पडदा वर, आवाज, प्रकाश, संपलं, पुढचे या. इथे झारी संपून पाच मिनिटं झाली, लोक कंटाळून प्रसादाकडे वळले, की मागे थप्प आवाज. ज्यांनी पाहिलं नाही ते म्हणायचे, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवायचं तर माती काढून, नवी भरून, चोपून, अर्धा तास. पोरांनी कपाळाला हात लावला. अध्यक्ष म्हणाला, एवढ्या वेळात चांद्रयान शंभर वेळा उतरलं असतं.

मंडपाच्या पुढच्या दोन खांबांचं काम मात्र माझं. खांबावर जमिनीपासून मापून दोन तांबड्या रेघा मारल्या. एक गुडघ्याच्या वर: महाबळेश्वर, २०२१, एका दिवसात ५९४ मिलिमीटर. दुसरी जवळजवळ कमरेला: सांताक्रूझ, २००५, ९४४. मिलिमीटर हे माप बातमीत ऐकून काही कळत नाही. इतकं पाणी न वाहता, न मुरता, होतं तिथेच उभं राहिलं असतं तर कुठवर आलं असतं, ते त्या खांबावर होतं. लोकांनी टाकीपेक्षा तिथे जास्त गर्दी केली. पोरांना खांबाशी उभं करून आया म्हणायच्या, बघ, तू बुडला असतास. आकाराने एवढीशी गोष्ट, दोन रेघा. आयुष्यातलं माझं सगळ्यांत चाललेलं काम तेच असावं.

गणपतीला आमच्याकडे मुंबईहून, सुरतेहून चाकरमानी येतात. देखावा खरा त्यांच्यासाठीच होता, कारण डोंगराला हात लावायचे पैसे त्यांच्याकडे असतात. गावच्या जुन्या घराला दगडी जोतं, मातीच्या भिंती, जागा उतरती असली तर घरही दोन पायऱ्यांचं. आताचं घर स्लॅबचं, पुढे गाडी उभी करायला सपाट अंगण. ते अंगण मागचा डोंगर कापूनच मिळतं. जेसीबी दोन तासांत कापतो. मागे सरळ उभा मातीचा कडा राहतो, पहिले दोन पावसाळे टिकतो आणि मालकाला वाटतं, झालं. मी पट्टी ओढायला मुद्दाम अशाच कुणाला तरी बोलवायचो. पट्टी काढून केलेला डोंगर निम्म्या पाण्यातच यायचा.

कारण एकच सांगा, असा लोकांचा आग्रह असतो. देखाव्यासमोर रोज वाद व्हायचा आणि सरांना तोच हवा होता. कुणी म्हणे देव कोपला, कुणी म्हणे खाणीचे सुरुंग, कुणी म्हणे जंगलतोड. माळीणनंतर पडकईवर खूप बोट रोखलं गेलं. भीमाशंकरच्या पट्ट्यात डोंगरउतारावर दगडी बांध घालून, माती सपाट करून भातखाचरं करायची ही रीत. आदिवासी घरं एकत्र येऊन एकमेकांच्या शेतावर राबतात. काही म्हणाले, उतार सपाट केले, पाणी मुरलं, म्हणून डोंगर आला. पडकईवाले म्हणाले, हातांनी केलेल्या पडकईने कधी डोंगर आला नाही, यंत्रं घातलीत तुम्ही. मी तिथला नाही, पण बांध घालणारा माणूस पाण्याला वाट ठेवतो आणि तासावर भाड्याने आलेला चालक ठेवत नाही, एवढं माझ्या गावात बघितलंय. दोघांचंही खरं असू शकतं. मात्र तेवढ्यावर इर्शाळवाडीचं उत्तर मिळत नाही. तिथे रस्ता नव्हता, जेसीबी गेला नव्हता, भोवती झाडी होती. दरडीच्या धोक्याच्या यादीत त्या वाडीचं नावही नव्हतं.

झाडांच्या बाबतीतही सर सांभाळून बोलायचे. एका ताटात त्यांनी गहू रुजवले होते, घटाला रुजवतो तसे. ताट तिरपं करून पाणी ओतलं तरी माती हलायची नाही, शेजारच्या उघड्या ताटातली चिखल होऊन वाहून जायची. बायकांना हे लगेच पटलं. मग सर ताटातली ती मुळांची चटई हाताने पूर्णच्या पूर्ण उचलून दाखवायचे. मुळं पोचली आहेत तेवढीच माती धरलेली आहे. खाली वीस-पंचवीस फुटांवर पाणी साचलं तर झाडं उभीच्या उभी, जंगलासकट खाली येतात. झाडं लावा आणि निश्चिंत व्हा, हे वाक्य व्यासपीठावर चांगलं वाटतं. पुढच्याच वर्षी ३० जुलैला, माळीणला दहा वर्षं पूर्ण झाली त्याच तारखेला, वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं वाहून गेली. तिथली दरड वर रानातूनच सुटली होती. चहामळे, घरं, रस्ते खाली होतेच, पण सुरुवात झाडीत.

पावसात डोंगराशी जपून वागायचं, हे रेल्वेने आपल्याआधी शिकून घेतलं. बोरघाटातून गाडी १८६३ ला चढू लागली. पावसात रुळांवर पायी पहारा ठेवणं हे तिथलं रोजचं काम आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सुरू झाली. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर गेली, पन्नासच्या आसपास माणसं दगावली. पुढच्याच जूनमध्ये आमच्या तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आदळून डबे पुलावरून खाली गेले. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या मारल्या, पहारे वाढवले. पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं, गाड्या हळू. म्हणजे पाऊस आला की आपलं वागणं बदलायचं, हे लोखंडाला लागू झालं. डोंगरपायथ्याच्या वाडीला पावसाळी वेळापत्रक कुणी दिलं नाही.

पाचव्या दिवशी, गौरी-गणपती उरकल्यावर, वरच्या वाडीतली एक म्हातारी देखावा बघायला आली. नात बरोबर. टाकीतला डोंगर नुकताच आला होता, पोरं पायथ्याची माती उपसून टाकायच्या तयारीत. म्हातारी वाकून काचेतून बघत होती. म्हणाली, "नको काढूस रे पोरा. बघ, हितं किती बेस सपाटी झाली. माती बी आली, पानी बी झिरपतंय. आता हितंच घरं बांधतील बघ."

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, आपला देखावा चुकीच्या जागी सुरू होतोय.

डोंगरातली कुठलीही वाडी बघा. कडा उभा, त्याच्या खाली तीव्र उतार, आणि मग एकदम एक बाक, एक पायरी, जिथे जमीन जरा सपाट होते. वाडी तिथे. का? तिथे भाताला पुरेल एवढी खोल माती आहे, बाराही महिने पाणी आहे, खालच्या नदीचा पूर पोचत नाही. शेतात ठिकठिकाणी घराएवढे धोंडे असतात, ते कुणी आणले नाहीत. एखाद्या धोंड्याला शेंदूर लागलेला असतो. ती माती, तो बाक, ते धोंडे हे सगळं वरून कधीतरी आलेलंच आहे. शेकडो, हजारो वर्षांच्या दरडींनी टाकलेला ढीग. कड्याच्या पोटातून निघणारं पाणी त्या सैल ढिगात मुरतं आणि खालच्या अंगाला झरा होतो. आमच्या पूर्वजांनी चुकीची जागा निवडली असं शहरातले लोक म्हणतात. त्यांनी त्या डोंगरातली एकमेव जगण्यासारखी जागा निवडली होती. ती जागा दरडीने दिलेली होती, एवढंच.

सरांनी त्या रात्रीपासून जुनी माती काढायची नाही असं ठरवलं. पहिली दरड टाकीच्या तळाशी तशीच ठेवली, मी तिच्यावर पुठ्ठ्याची सहा घरं मांडली, एक देऊळ, एक शाळा, आणि नवा उतार वर रचला. आता प्रयोग दुसऱ्या दरडीपासून सुरू व्हायचा. म्हातारीची नात रोज यायची, घरं सरळ करून ठेवायची. पुठ्ठ्याची घरं पडायच्या आधी कलायची. कितीतरी झाऱ्या बघितल्यावर आमच्या ते लक्षात आलं. घर वाहून जाण्याआधी खालची माती इंचभर पुढे सरकते, भिंत वाकडी होते. हे बघताना लोक एकेक आठवण काढू लागले. एकाच्या मावशीच्या दाराची कडी आदल्या दोन दिवसांपासून लागत नव्हती, चौकट तिरकी झाली म्हणून. कुणाच्या अंगणातला विजेचा खांब झुकला होता. कुणाचा झरा गढूळ आला होता. दुसऱ्याकडे भर पावसात ओढा अचानक आटला होता, वर कुठेतरी मातीने अडवला म्हणून. सगळ्या गोष्टी लोकांना माहीत होत्या. एकमेकांना सांगितलेल्या नव्हत्या, आणि एकत्र लिहिलेल्या तर नव्हत्याच. मी पत्र्याच्या एका पाटीवर ते सगळं मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. बऱ्याच वर्षांनी पाटी रंगवली.

मधेच एक चाकरमानी चिडला. परळला नोकरी, कर्ज काढून गावी घर बांधलेलं, मागे डोंगर कापलेला. "सगळं ऐकलं. मग बांधायचं कुठे? हवेत? सरकार नवी जागा देतं ती शेतापासून लांब, गुरं कुठे बांधू?" याला कुणाकडे उत्तर नव्हतं, सरांकडेही नव्हतं. सर त्याला एवढंच म्हणाले की घराच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूच्या ओढ्यात घाल, शोषखड्डा वर खणला असशील तर बुजव, मागचा कडा आणखी कापू नकोस, आणि माथ्यावर जाऊन भेगा पडल्यात का बघ. तो म्हणाला, "माथ्यावर कोण जातं हल्ली?"

हा प्रश्न खरा त्या सबंध उत्सवात विचारला गेलेला सगळ्यांत मोठा प्रश्न होता. पूर्वी माथ्यावर रोज माणूस जायचा. गुराखी जायचे, दिवाळीनंतर गवत कापायला घरंच्या घरं जायची, राबासाठी टहाळ तोडायला, लाकूडफाट्याला, करवंदांना. उतारावर नाचणी-वरी असायची. सडा फाटला तर गुराचा पाय अडकायचा आणि संध्याकाळी वाडीत त्याची चर्चा व्हायची. आता गॅस आला, गुरं गेली, तरुण मुंबईला. नाचणी कोण करतो? डोंगराच्या माथ्यावर पडलेली भेग आता बघतो फक्त पाऊस. म्हातारे म्हणतात, आमच्या वेळी एवढ्या दरडी येत नव्हत्या. पाऊस वाढलाय, एका दिवसात कोसळतोय, हे खरंच. पण त्यांच्या वेळी दरड यायच्या आधी कुणीतरी वर होतं, हेही धरायला हवं.

विसर्जन झालं. टाकी एका वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत गेली, पाटीही तिथेच भिंतीवर आहे. खांब मंडपवाल्याचे होते, रेघा त्याने पुसून टाकल्या.

पुढच्या मे महिन्यात मंडळाची दोन पोरं आणि वाडीतला एक जुना गुराखी माथ्यावर जाऊन आले. तीन भेगा सापडल्या. एक जुनी, गुराख्याच्या ओळखीची, त्याच्या बापाची म्हैस तिच्यात अडकली होती. दोन नव्या. पोरांनी प्रत्येक भेगेच्या दोन्ही अंगांना लोखंडी खुंट्या मारल्या, मधलं अंतर सेंटिमीटरमध्ये वहीत लिहिलं, चुन्याची खूण केली आणि मोबाईलवर फोटो काढून तलाठ्याला पाठवले. पाऊस लागला की दर आठवड्याला जाऊन मोजायचं असंही ठरलं. कुणी जायचं यावर मंडळात भांडण आहे. गुराखी म्हणतो मी जातो, पण मला वाचता येत नाही, पट्टी धरायला एक पोर द्या.